खात्यावरचं दुसरं नाव

आई दोह्याला आली की पहिल्याच दिवशी हॉलमध्ये चटई पडते आणि तिच्यावर तिची बॅग आडवी होते. मग एकेक पिशवी बाहेर निघते. मेतकूट, भाजणी, कुरडया, गोडा मसाला, नाशिकचा चिवडा. हे सगळं आता इथेही मिळतं असं मी तिला दर वर्षी सांगतो आणि ती दर वर्षी "मिळत असेल" एवढंच म्हणते. त्या हिवाळ्यात चिवड्याच्या पिशवीखालून एक प्लॅस्टिकचं फोल्डर निघालं.

"ह्यातल्या कागदावर तेवढी सही करून ठेव," आई म्हणाली. "बँकेतली मुलगी सारखी मागे लागलीय. माझी झाली, तुझीच राहिलीय म्हणते."

तिच्या नाशिकच्या बँकेचा छापील कागद होता. पहिली खातेदार आई, दुसरा खातेदार मी. खाली एक प्रश्न होता, की आपण भारताखेरीज अन्य कोणत्या देशाचे नागरिक आहात काय? मी 'होय'पुढे खूण केली, 'अमेरिका' असं लिहिलं आणि सही ठोकली. आईने कागद परत फोल्डरमध्ये घातला, फोल्डर बॅगेत घातलं, आणि चिवडा डब्यात भरायला ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या डोक्यात मात्र ती खूण राहिली. इतक्या वर्षांत कुणी मला कागदावर हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मी स्वतःला तर नाहीच.

मी अमेरिकेचा नागरिक आहे म्हणजे काय, तर ह्यूस्टनला नोकरीसाठी गेलो, राहत राहिलो, एक दिवस हात वर करून शपथ घेतली आणि तिथला पासपोर्ट घेऊन घरी आलो. पुढे कंपनीतल्याच एकाने कतारमधल्या गॅसच्या कामाबद्दल सांगितलं. पगार चांगला, घर कंपनीचं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कर नाही. बायको पुण्याची, हिशोबाला पक्की. तिने सुद्धा लगेच होकार दिला. इथे पगाराच्या कागदावर जो आकडा असतो तोच खात्यात दिसतो. पहिल्या महिन्यात तो आकडा मी कौतुकाने दोनतीनदा बघितला होता. अमेरिका सोडली म्हणजे अमेरिकेचा करही सुटला, असं मी गृहीत धरलं. घर सोडलं की भाडं बंद, इतका साधा हिशोब. माझ्यासारखाच अमेरिकन पासपोर्टवाला एक जण इथल्याच अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये राहतो. त्याच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेलो असताना तो एकदा म्हणाला होता, की बाहेरच्या कमाईवर अमुक रकमेपर्यंत तिकडे कर लागत नाही. मी त्यातलं 'लागत नाही' तेवढं ऐकलं आणि चकली उचलली.

आता मी त्यालाच फोन केला. तो हसला. कर लागत नाही, पण कराचं विवरण भरावंच लागतं, म्हणाला. भरलं तरच ती सूट मिळते. तू भरत नाहीस? मी म्हटलं, नाही. तो हसायचा थांबला. मग त्याने मला त्याच्या सल्लागार बाईंचा नंबर दिला.

बाई ह्यूस्टनच्याच, मूळच्या गुजराती. शनिवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि त्यांच्याकडे सकाळ असताना त्या व्हिडिओवर आल्या. इंग्रजीत बोलायच्या, मध्येच हिंदीत घुसायच्या. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही असो, दर वर्षी त्याने आपली कमाई कळवायची. कर बहुधा शून्यच निघेल, पण शून्य हे सुद्धा कळवावं लागतं. शिवाय अमेरिकेबाहेर ज्या ज्या बँक खात्यावर तुमचं नाव आहे, ते प्रत्येक खातं वेगळं कळवायचं. इथलं पगाराचं, भारतातलं, सगळं.

"भारतात माझं काही नाही," मी म्हणालो. "म्हणजे आईचं आहे. माझं फक्त नाव आहे."

"पैसे आईचे, तर नाव तुमचं का?"

हे कुणाला समजावून सांगायची वेळच कधी आली नव्हती. आमच्याकडे मुलाचं नाव घालतात. का घालतात असं कुणी विचारत नाही. पण आमच्या घरी त्याला कारणही होतं. वडील गेले तेव्हा त्यांचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटली की दाखले आणि प्रतिज्ञापत्रं घेऊन ती बँकेत जायची आणि उद्या या असं ऐकून परत यायची. मी तेव्हा ह्यूस्टनला नवा होतो. तेराव्याला आलो आणि चौदाव्याला निघालो. ते काम एकदाचं संपल्यावर तिने पहिली गोष्ट ही केली, की आपल्या खात्यावर आणि सगळ्या मुदत ठेवींवर माझं नाव दुसरं म्हणून घातलं. "माझ्यामागे तुला अशी वणवण नको," असं फोनवर म्हणाली होती. मी "बरं" म्हणालो होतो. सह्यांचे कागद पोस्टाने आले, मी सह्या करून परत पाठवले, आणि विसरून गेलो.

हे मी बाईंना तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी एरवी तोडकं नाही.

त्या म्हणाल्या, आपल्यासारख्यांसाठी एक मार्ग आहे. आपण होऊन पुढे यायचं, मागच्या काही वर्षांचं सगळं भरायचं, आणि हे आजवर का केलं नाही ते आपल्या शब्दांत लिहून द्यायचं. मुद्दाम लपवलेलं नाही असं पटलं तर दंड नाही. पण आईच्या पैशांबद्दल स्पष्ट लिहावं लागेल. ते तुमचे नाहीत, हे वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"त्या खात्यातून तुम्ही कधी पैसे काढलेत?"

"कधीच नाही."

"कधी भरलेत?"

"नाही."

"कधीच नाही? सणाला, आजारपणात, वाढदिवसाला?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"वा!" बाई म्हणाल्या. "हे फार उत्तम आहे. हेच वाक्य लिहा."

मला क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवत नाही. परीक्षेत अवघड प्रश्नाचं उत्तर बरोबर आल्यासारखं. व्हिडिओ बंद झाला, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्यापाशी उभी राहून माझ्यासाठी थालीपीठ थापत होती, आणि ते बरं वाटणं तिथल्या तिथे नासलं.

आईला पैसे पाठवायचा विषय मी काढला नव्हता असं नाही. ह्यूस्टनला असताना एकदा आणि इथे आल्यावर एकदा विचारलं होतं, "आई, काही पाठवू का गं?" ती म्हणाली, "मला काय करायचेत? पेन्शन आहे, शिकवण्या आहेत." मी म्हटलं, ठीक आहे. सुंठीवाचून खोकला गेला. आमच्याकडे आईला "पाठवू का" असं विचारायचं नसतं, पाठवायचं असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पाहुण्याला "जेवणार का" असं विचारलं तर तो नाही म्हणणारच. माझं ते विचारणं तोंडदेखलं होतं. तिच्या 'नको'चा मी अर्थ लावला नाही, कारण तो न लावणं माझ्या सोयीचं होतं. सगळ्या सवयी इथल्या आणि नाशिकच्या ठेवल्या, तेवढी एकच गोष्ट अमेरिकन करून टाकली.

शुक्रवारी सकाळी मी ते निवेदन लिहायला बसलो. शुक्रवारी इथे सुट्टी असते, आणि दुपारच्या नमाजापर्यंत आमच्या मदिनत खलीफाचे रस्ते निवांत असतात. आई नाश्त्यानंतर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तीच आणते. दुकानदार केरळचा, ही नाशिकची, आणि दोघं एकमेकांचे आभार अरबीत मानतात, 'शुक्रन' म्हणतात. बायको कपाटं आवरत होती. मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून लॅपटॉपमध्ये डोकावत होती. ती सातवीत आहे. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजी.

"काय लिहितोयस एवढं?" आईने विचारलं.

"ऑफिसचं."

"ऑफिसचं नाहीये, आजी," मुलगी म्हणाली, हे वाक्य मात्र चक्क मराठीत, आणि पुढचं तिने पडद्यावरून वाचलं, "आय हॅव नेव्हर डिपॉझिटेड एनी मनी इन माय मदर्स अकाउंट. बाबा, रिअली? नेव्हर?"

आईचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. आईला इंग्रजी येतं. पाचवीच्या मुलांना तिने वर्षानुवर्षं शिकवलंय, आणि 'नेव्हर' हा शब्द पाचवीतच येतो.

"असं लिहायचं?" ती म्हणाली.

मी लॅपटॉप अर्धा मिटला आणि तिला सगळं सांगितलं. अमेरिकेचं सरकार, विवरण, खाती, तिची बँक, माझी ती खूण. ती ऐकत होती, काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला करत होती.

"म्हणजे मी तो कागद आणला म्हणून हे झालं."

"तसं नाही गं आई. हे मी आधीच करायला हवं होतं."

"बरं. मग जे काय करायचं ते कर. पण हे असं नको लिहूस. परक्यांना कशाला घरातलं सांगायचं? लिही, मुलगा दरमहा पाठवतो."

"आई, तसं लिहिलं तर ते पैसे माझे ठरतील."

"ठरू देत की. शेवटी तुझेच तर आहेत."

"अगं, हेच तर म्हणायचं नाहीये!" मी जवळजवळ ओरडलोच. बायको आतून बाहेर आली. "ते माझे नाहीत हे तर दाखवायचंय. ते तुझे आहेत. तू कमावलेस, तू ठेवलेस. मी एक रुपया घातलेला नाही, हीच आपली बाजू आहे. खोटं लिहून कसं चालेल?"

"लिहू नकोस खोटं," आई म्हणाली. "मी कुठे खोटं लिही म्हणतेय?" मग ती थांबली. मेथीची पानं तिने उगाचच एका ढिगात सारली. "पण मी तिकडे सगळ्यांना सांगितलंय ना, तू पाठवतोस म्हणून."

मी लॅपटॉप पूर्ण मिटला.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

"शेजारी. तुझ्या मामाकडे. शाळेतल्या बायका भेटतात, त्यांना. विचारतात रे लोक. मुलगा एवढा तिकडे, काय पाठवतो की नाही? घराला रंग दिला तेव्हा विचारलं, फ्रिज घेतला तेव्हा विचारलं. काय सांगायचं मग? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हा मला आमच्या नाशिकच्या बिल्डिंगमधला जिना आठवला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी आठवडाभराची रजा काढून गेलो होतो. ऑपरेशन होऊन गेलेलं, मी आपला डोळ्यांत थेंब घालायला. समोरच्या दारातल्या काकू जिन्यात भेटल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "मुलगा असावा तर असा. तिकडे वाळवंटात राहून आईचं सगळं करतोस हो. ऑपरेशन म्हणू नको, घराचा रंग म्हणू नको." मला वाटलं, बोलायची पद्धत असते. मी मान तिरकी करून, लाजल्यासारखं हसून म्हणालो होतो, "त्यात काय एवढं, काकू."

आणि ऑपरेशनचे पैसे कुणी भरले हे मी वर जाऊन आईला विचारलंही नव्हतं.

त्या शुक्रवारी मला माझी लाज वाटली, आणि ती बायकोसमोर आणि मुलीसमोर वाटली हे आणखी वाईट. मी आईवरच चिडलो. असाच आहे मी, चूक माझी असली की आवाज चढतो. "तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी खोटं बोलायला?" मी म्हणालो.

"बोललेलं वाऱ्यावर जातं," आई म्हणाली. "लिहिलेलं राहतं. मी बोलले, लिहून कुठे दिलं?" आणि ती मेथी धुवायला उठून गेली.

मी वाक्य खोडलं नाही. खोडता येणारच नव्हतं. उलट शनिवारी सल्लागार बाईंनी ते वाचून आणखी एक गोष्ट सुचवली. सक्तीचं नाही, पण तुमच्या आईने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की पैसे त्यांचे आहेत आणि मुलाने कधी भरलेले नाहीत, तर ते फाइलला असू द्यावं. त्यांच्या भाषेत चालेल, तुम्ही खाली भाषांतर करा.

हे आईला कसं सांगायचं ह्या विचारात मी दोन दिवस काढले. म्हणजे आधी तिची मूठ मी उघडली, आणि आता ती उघडी मूठ तिनेच सरकारला दाखवायची. बायको म्हणाली, "मी विचारते आईंना." मी म्हटलं, नको. तेवढं तरी मीच करतो.

संध्याकाळी आम्ही बागेत फेऱ्या मारायला जायचो. हिवाळ्यात दोह्याची हवा नाशिकसारखी होते असं आईचं मत आहे. तिथे एका बाकावर बसून मी तिला सांगितलं. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "त्याने तुझं काम होईल?"

"होईल बहुतेक. इन्शाल्ला."

"मग देते की लिहून. आणि एक सांग. तुला एवढा ताप होत असेल तर माझ्या खात्यावरून तुझं नाव काढून टाकू का?"

"नाही," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. सगळ्या प्रकरणात तेवढंच उत्तर मी लगेच दिलं. "नाव राहू दे. मी दर वर्षी कळवीन."

उठताना आईने माझ्या हाताचा आधार घेतला. एरवी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने नातीकडून रेघांचा कागद मागून घेतला. मी ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं होतं. तिने टेबल पुसलं, मग लिहायला बसली. अक्षर अजून फळ्यावरचं आहे, एकेक अक्षर सुटं, शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी. वर लिहिलं, 'मा. अधिकारी, अमेरिका सरकार, यांस.' खाली लिहिलं, 'सा. न. वि. वि.' मी म्हणणार होतो की ह्याची गरज नाही. पण मग म्हटलं, असू दे, इतक्या वर्षांत त्या कर खात्याला कुणीतरी साष्टांग नमस्कार घातला तर काय बिघडलं.

तिने लिहिलं, की मी सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या खात्यातली आणि मुदत ठेवींतली सर्व रक्कम माझे निवृत्तिवेतन व शिकवण्या यांची आहे. माझ्या पश्चात मुलास त्रास होऊ नये म्हणून त्याचे नाव घातले आहे. त्याने या खात्यात कधीही पैसे भरलेले नाहीत व काढलेले नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. मग ती थांबली, पेन ओठाला लावलं, आणि पुढे लिहिलं, 'मुलगा दर वेळी पैसे पाठवण्याविषयी विचारत असे. मीच नको म्हणत असे. तरी यात काही चूक झाली असल्यास ती माझी समजावी.'

मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. आणि अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी इंजिनिअर, आणि डोक्यात सल्लागार बाई. त्यांनी बजावलं होतं, प्रत्येक शब्द खरा पाहिजे.

"आई," मी म्हणालो, "ते 'दर वेळी' नको."

"का? विचारायचास की."

"विचारलं होतं. पण... एकदोनदा."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही. विद्यार्थ्याने आपणच आपली चूक दाखवली की शिक्षक बघतात तसं, जरा नवलाने. मग तिने 'दर वेळी' ह्या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, वर 'एकदोनदा' असं लिहिलं, आणि शाळेच्या दप्तरातल्या दुरुस्तीसारखी बाजूला छोटी सही केली. 'विचारत असे'चं 'विचारले' केलं. 'म्हणत असे'चं 'म्हटले' केलं. त्यालाही सही.

"आता बरोबर आहे?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं भाषांतर केलं. बाकीचं सोपं होतं. 'यात काही चूक झाली असल्यास ती माझी समजावी' ह्या वाक्यापाशी मी बराच वेळ बसलो. ते वगळता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण तिने सही केली होती. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, की पत्र फार छान आहे, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. तो मी सांगितला. आई म्हणाली, "गुजराती आहेत ना, मग चिवडा पाठवला असता."

मार्चमध्ये आई परत गेली. जाताना बॅग निम्मी रिकामी, आणि तिच्यात नातीने घेऊन दिलेला खजूर. सगळी विवरणं भरून झाली होती. कर शून्य निघाला, दंड लागला नाही. बाई म्हणाल्या, आता निश्चिंत झोपा. अल दुहैलवाल्याने फोन केला, "खलास ना? सुटलास!" मी म्हटलं, हो, सुटलो. सरकारच्या लेखी मी निर्दोष होतो, कारण आईसाठी मी कधी काही केलं नव्हतं.

मी मग ठरवलं की आता विचारायचं नाही. इथल्या बँकेतून आईच्या खात्यात दरमहा आपोआप पैसे जातील अशी सोय केली. रक्कम चांगली धरली. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "फार आधी करायला हवं होतं." ते मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना अंगावर आलं.

पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाले त्याच दिवशी आईचा फोन आला.

"बँकेचा मेसेज आलाय. तू पाठवलेस?"

"हो. आता दर महिन्याला येतील. नको म्हणायचं नाही."

"नको म्हणत नाही. परत घे म्हणते."

"आई, प्लीज."

"अरे, मी सरकारला लिहून दिलंय. मुलाने कधी पैसे भरलेले नाहीत म्हणून. सही केलीय मी खाली. वर्ष सुद्धा झालं नाही, आणि तू भरायला लागलास. उद्या त्यांनी बघितलं तर म्हणतील, म्हातारी खोटारडी."

मी तिला समजावलं. ते मागच्या वर्षांबद्दल होतं. पुढे भरले तर चालतात, मी ते कळवीन, त्याला वेगळी जागा असते. तिला पटेना. ती आयुष्यभर दाखले लिहून देत आली. लिहून दिलेलं तिच्यासाठी मागचं नसतं आणि पुढचंही नसतं.

"मग असं करते," ती म्हणाली. "हे पैसे काढून तुझ्या लेकीच्या नावाने मुदत ठेवीत टाकते. म्हणजे तुझंही राहिलं आणि माझंही."

"आई, ती पण अमेरिकन आहे!"

"अगं बाई! तिलाही आहे का हे?"

मला हसू आलं, तिलाही आलं. मी हसता हसताच म्हणालो, "अगं ठेव ना. ठेव आणि खर्च कर. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून मी खोटी पडू का?" तिने साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं.

तेवढ्यात तिकडे बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला, समोरच्या काकूंचा आवाज आला, वाटी कुठे ठेवू वगैरे. कोण आहे फोनवर, असं त्यांनी विचारलं. आई फोन बाजूला न धरताच म्हणाली, "मुलगा आहे. दरमहाचे पाठवलेत, पोचले का विचारतोय."

"नशीबवान आहात हो," काकू म्हणाल्या. "द्या बघू इकडे." मग त्यांचा आवाज एकदम माझ्या कानाशी आला. "काय रे, बरा आहेस ना? परवाच आमच्या मुलाला सांगत होते, शिक त्याच्याकडून म्हटलं. एवढ्या लांब राहून एक महिना चुकवत नाही."

ह्या वेळी मी 'त्यात काय एवढं' म्हणालो नाही. दुसरंही काही म्हणालो नाही. दोनदा "हॅलो, हॅलो" करून काकूंनी फोन आईकडे दिला, आणि मला ऐकू आलं, आई त्यांना सांगत होती, की तिकडे रेंज जाते मध्येमध्ये, वाळवंट आहे ना.